निवायची फेरी

भर उन्हाळ्यात काचा खाली केलेल्या, हीटर पूर्ण सोडलेला, आणि रेसच्या ट्रॅकवर ताशी चाळीसच्या वेगानं कुणी स्पोर्ट्स कार चालवतंय असं दिसलं, तर बघणाऱ्याला वाटायचं, हे माणूस एक तर वेडं आहे नाहीतर गाडी चोरून पळायचं धैर्य त्याला होत नाहीये. दोन्ही खोटं. ती निवांतमावशी असायची आणि ती कामावर असायची.

गावाबाहेर, गोदामांच्या रांगेमागं तीन किलोमीटरचा तो ट्रॅक होता. रविवारी सकाळी तिथं हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. आठवडाभर चौकातल्या सिग्नलला उभं राहून कंटाळलेल्या गाड्या इथं मोकळ्या सुटायच्या. बाकी सगळे गाडी तापवायला यायचे, ही एकटी निववायला. गाडीवाला चार-सहा फेऱ्या मारून, घामानं डबडबून, डोळे चमकवत शेडपाशी यायचा, खाली उतरायचा आणि मावशी त्याच्या जागी बसायची. मग एक फेरी सावकाश. वरचा गिअर, इंजिन जेमतेम गुणगुणतंय इतकंच, ब्रेकला पाय शक्यतो नाही. समोरून वारा आत शिरू द्यायचा आणि आतली आग हळूहळू बाहेर सोडायची. त्यात हीटर चालू. कारण हीटरला ऊब येते ती इंजिनाच्याच गरम पाण्यातून. तेवढीच उष्णता इंजिनातून कमी, आपल्या अंगावर जास्त.

"गाडीचा ताप आपण घ्यायचा," मावशी म्हणायची आणि पदराच्या टोकानं मान पुसायची. साडीवर ट्रॅकचं निळं जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट. अंगाची लाही लाही झालेली असायची, पण चेहरा असा, जणू आत्ताच दुपारची झोप काढून उठली.

नवा गाडीवाला आला की हमखास वाद घालायचा. "मावशी, माझी नवी गाडी आहे. चावी काढल्यावरही पंखे चालू राहतात तिचे. पंपसुद्धा असतो."

"असतो ना. तहान लागल्यावर विहीर खोदणारा एक आणि आधीच घागर भरून ठेवणारा एक. तुम्हाला कोण व्हायचंय?"

तरी त्यानं ऐकलं नाही, तर ती त्याला गाडीच्या मागं न्यायची आणि झाकण उघडून दाखवायची. "हे बघा. इंजिनाच्या दोन्ही अंगांना दोन भोवरे आहेत, टर्बो म्हणतात त्यांना. धुराच्या जोरावर फिरतात, मिनिटाला लाखावर वेळा. लाल होतात अगदी, चुलीतल्या निखाऱ्यासारखे. त्यांना सांभाळतं कोण? तेल. तुम्ही पळता पळता आलात आणि खटकन चावी फिरवलीत, की तेल जागच्या जागी उभं. भोवरा मात्र तापलेलाच. मग ते तेल तिथंच करपतं. करपलेल्या कढईचं बूड घासलंय का कधी?"

"नाही."

"मग घरी ज्यांनी घासलंय, त्यांना विचारा."

इथं बहुतेक जण दार उघडून तिला आत बसू द्यायचे.

निवायच्या फेरीनंतर शेडपाशी येऊन इंजिन तीन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, मग चावी. हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या तबकड्यांवर ब्रेक आवळून ठेवला की त्या वाकड्या व्हायला बसल्यात. चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारायचा. कव्हर घालायचं नाही. पाणी मारायचं नाही. मागचं झाकण वर करायचं आणि बाजूला उभं राहून ऐकायचं. तापलेलं लोखंड निवताना आवाज करतं. टिक. टिक, टिक. मग अंतर वाढत जातं. मावशी त्याला म्हणायची, "गाडी बोलायला लागली." आणि दोन टिकटिकींच्या मध्ये तिचे दहा आकडे मोजून झाले, की म्हणायची, "झोपली."

हे सगळं ती शिकली होती ते बसमध्ये. बावीस वर्षं तिनं डोंगरातल्या रस्त्यावर प्रवासी बस चालवली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, चढण संपता संपता बस उकळली. मागं चाळीस माणसं घड्याळं बघत बसलेली. एकाला दवाखान्यात जायचं, एकाला मुलाखतीला, एक बाई तर नुसतीच ओरडत होती. हिनं घाईघाईनं फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. पुढचं तिच्या उजव्या हातावर लिहिलेलं आहे, मनगटापासून कोपरापर्यंत, गुळगुळीत, गुलाबी. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हिनं पुढं आयुष्यच फुंकून प्यायला घेतलं.

घरीसुद्धा तोच कायदा. बाहेरून आलेल्या माणसाशी तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. चप्पल काढायची, बसायचं, पाणी प्यायचं. मग काय भांडायचं ते भांडा. नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. तो मुळातच कमी बोलणारा, त्याला हा कायदा मानवला. गिऱ्हाइकांना तो मान वर न करता सांगायचा, "लग्नाला हो म्हणायलाही हिनं तीन मिनिटं घेतली होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मोजता आली. तेवढ्यात मी माझ्याच शर्टाचं एक बटण पिळून तोडलं."

"मग?" गिऱ्हाईक विचारायचं.

"मग काय? तिनंच लावून दिलं. उलट्या बाजूनं टाका घातला होता. मी उसवला नाही अजून."

कायदा मोडणारी घरात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सासू. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सून दारात दिसली रे दिसली की तिची सुरुवात. "आली का गं? आज कोण कोण आलं होतं? ती निळी गाडी आली होती का? किती पळाली? पलटी कुणी खाल्ली का?" सासूला वेगाचं भारी वेड. तरुणपणी सायकलवरून उतारावर हात सोडून गेली होती आणि विहिरीच्या कठड्याला धडकून थांबली होती, ही गोष्ट ती पाहुण्यांना दात दाखवून सांगायची. म्हणजे जिथं दात नव्हता, ती जागा.

"आई, तीन मिनिटं," सून म्हणायची.

"माझ्याकडं किती मिनिटं उरलीत ते मला ठाऊक आहे का? त्यातली तीन तुला देऊ?"

दर रविवारी अकराच्या बसनं सासू ट्रॅकवर हजर. सोबत मुलगा, म्हणजे मावशीचा नवरा. दोघांचं एक काम ठरलेलं. मुलानं प्लास्टिकची खुर्ची उचलायची आणि नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीच्या बरोबर मागं, तीन हात अंतरावर ठेवायची. सासूनं त्यात बसायचं आणि साडी जरा आवरून गुडघे पुढं करायचे. इंजिनाची गरम हवा जाळीतून भसाभस बाहेर यायची, ती थेट गुडघ्यांवर. कुणी म्हणालं, "आजी, एवढ्या उन्हाळ्यात शेक?" तर सांगायची, "उन्हाळा तुमच्या बाहेर आहे. माझ्या गुडघ्यात बारमाही थंडी."

तिची लाडकी गाडी एकच, दातांच्या डॉक्टरची. पिकल्या लिंबाच्या रंगाची, दोनच माणसांची, इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागं. बुटकी इतकी की डॉक्टर तिच्यातून बाहेर यायचे ते उभे राहून नाही, रांगत. "बाकीच्या गाड्या नुसत्या गरम," सासूचं मत. "हिचा शेक हाडापर्यंत जातो."

मावशीलाही तीच प्रिय होती, पण ते ती बोलून दाखवायची नाही. नऊ वर्षं तिनं ती गाडी निववली होती. स्टीअरिंगच्या कातड्यावर डॉक्टरांच्या अंगठ्यानं कुठं झिजलंय, तिसऱ्या गिअरला किंचित हिसका कसा द्यावा लागतो, इंजिन बंद केल्यावर पाण्याचा काटा खाली यायच्या ऐवजी आधी दोन रेघा वर कसा चढतो, कारण पाणी फिरायचं थांबलेलं असतं, आणि मग ओशाळल्यासारखा कसा उतरतो, सगळं तोंडपाठ. पण ताशी साठच्या वर तिनं ती गाडी कधी नेली नव्हती. नऊ वर्षांत एकदाही नाही. तिला त्या गाडीचं निजणं ठाऊक होतं, धावणं नाही. लांबून ऐकायची ती, सरळ पट्ट्यावर डॉक्टरांनी पाय दाबला की येणारा तो आवाज, आणि हातातलं फडकं तिच्याही नकळत थांबायचं.

डॉक्टरांनी ते एकदा पाहिलं होतं. तोंडभर मिशा, मिशांत हसू, असा तो माणूस. म्हणाले होते, "बाई, तुम्ही रिटायर व्हाल त्या दिवशी एक फेरी तुमची. पूर्ण वेगाची. शब्द."

"हां, बघू," असं म्हणून मावशी वळली होती. पण त्या दिवसापासून ती ट्रॅककडं वेगळ्या डोळ्यानं बघायला लागली. कोण कुठं ब्रेक मारतो, कोण वळणात उशिरा शिरतो, पाचव्या वळणावरच्या खडबडीत पट्ट्याला कोण चुकवतो. चाळीसच्या वेगानं सावकाश जाताना ती मनात दीडशेनं जायची. नवरा सांगायचा, झोपेत तिचा उजवा पाय हलतो.

आणि तो रविवार आला. साठ पूर्ण. पुढच्या रविवारपासून निळं जाकीट दुसऱ्या कुणाच्या अंगावर.

ट्रॅकचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणायचे, कारण गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नसत, त्यांनी डोकं खाजवत परवानगी दिली होती. अट एकच. "मावशी, एक वाजता अँब्युलन्स जाते. अँब्युलन्स गेली की ट्रॅकवर वेगानं कुणी नाही. एक म्हणजे एक. एक वाजून एक मिनिट झालं, तर मी शिट्टी फुंकणार. मग तुम्ही असा नाहीतर आणखी कुणी."

"मी कधी वेळ चुकवलीय का?"

"तुम्ही नाही हो. पण डॉक्टरसाहेबांच्या हातात गाडी असली की त्यांचं घड्याळ बंद पडतं."

ठरलं होतं असं. सव्वाबाराला डॉक्टर थांबणार, मावशी गाडी निववणार, सगळं सावकाश, आणि पाऊण वाजता ती निघणार. नवरा नवा शर्ट घालून आला होता. सासूनं कानातलं घातलं होतं. टायरवाला, वायरवाला, तिकिटाच्या खिडकीतली मुलगी, सगळे शेडपाशी येऊन उभे. मावशीनं हेल्मेट तीनदा पुसलं.

सव्वाबारा झाले. डॉक्टर समोरून गेले, हात हलवला आणि परत गेले.

बारा वीस. पुन्हा गेले. या खेपेला हातही हलवला नाही.

"त्यांना रंग चढलाय आज," टायरवाला म्हणाला.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," सासू म्हणाली. "माझ्या सुनेची फेरी, आणि हाच मिरवतोय."

बारा बत्तीसला डॉक्टर आले. आले ते सावकाश नाही, शेवटच्या वळणावरून तसेच सुसाट, करकचून ब्रेक मारत, शेडच्या तोंडाशी. गाडीभोवतीची हवा थरथरत होती. चाकांमधून जळक्या फडक्यासारखा वास. डॉक्टर हसत होते, अगदी पोरासारखे. "बाई! आजच्याइतकी चांगली कधीच पळाली नव्हती! घ्या, आता तुमची!" आणि त्यांचा हात चावीकडं गेला.

"बंद करू नका!" मावशी अशी ओरडली की शिट्टीसाहेबांच्या तोंडातली शिट्टी वाजली.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले, मग ते रांगत बाहेर आले. मावशी आत वाकली. तेलाच्या तापाचा काटा एकशे तीस अंशांच्या पलीकडं. पाण्याचा लाल पट्टीला टेकलेला. तिनं घड्याळ बघितलं. बारा तेहतीस.

"बसा, बसा, निघा," डॉक्टर म्हणाले. चूक त्यांच्या लक्षात आली होती आणि मिशा खाली आल्या होत्या. "मी सांगतो ना, माझी गाडी आहे. काही होत नाही एका फेरीनं."

"जा गं," सासू खुर्चीतून म्हणाली. "त्याचीच गाडी, त्यानंच तापवली. बिघडली तर त्याची बिघडेल."

मावशीनं काट्यावरची नजर काढली नाही. सत्तावीस मिनिटं. गाडी नीट निववायची म्हटलं तर वीस लागणार, आणि जरा काही बिनसलं की फेरी गेली. नऊ वर्षं वाट पाहिलेली फेरी. आत्ता बसली, चावी तर चालूच आहे, पाय दाबला की झालं. कुणी काही बोललं नसतं. डॉक्टर तर उलट टाळ्या वाजवणार होते.

तिनं हेल्मेट काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

"आत्ता पळवली, तर ते पळवणं नाही डॉक्टर, छळणं आहे," ती म्हणाली. "घामेजल्या घोड्याला कुणी परत पिटाळत नाही."

आणि बसून, काचा खाली करून, हीटर पूर्ण सोडून, चाळीसच्या वेगानं ती निवायच्या फेरीला निघाली. भर दुपारी.

ती फेरी शेडमधल्यांना फार लांब वाटली. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. सासू त्यांच्याकडं बघतही नव्हती, आणि ते तिला बघत नाही असं दाखवत तिच्याकडंच बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आजी, माझं चुकलं."

"दात काढताना तरी घड्याळ बघता का हो?"

"बघतो."

"मग ठीक. माझे दोन उरलेत, त्यांची काळजी होती."

लिंबाच्या रंगाची गाडी परत आली तेव्हा बारा चाळीस झाले होते. मावशीचा चेहरा लालबुंद, जाकीट ओलं, केस कपाळाला चिकटलेले. इंजिन चालूच ठेवून ती उतरली, झाकण वर केलं, ठोकळा सारला, आणि काट्यासमोर वाकून उभी राहिली. नवऱ्यानं इस्त्रीचं पाणी मारायची बाटली सोबत आणली होती, तिच्यातलं पाणी तो बायकोच्या मानेवर फुसफुस मारत होता. गाडीवर एक थेंब न पडू देता. त्याला माहीत होतं.

एकशे अठरा.

"पुरे की," शिट्टीसाहेब म्हणाले. आता तेही पाघळले होते. "बारा चव्वेचाळीस."

"शंभरच्या आसपास येऊ दे."

एकशे बारा. काटा तिथंच बसला. पुढं हलेना. उन्हाची हवाच एवढी गरम, की ती तरी कुणाला काय निववणार? टायरवाल्यानं शेडमधला उभा पंखा ओढत आणला आणि गाडीच्या कुशीवरच्या हवा घ्यायच्या भोकासमोर लावला. तिकिटवाली मुलगी पुठ्ठा घेऊन दुसऱ्या बाजूनं वारा घालायला लागली. डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तेही वारा घालू लागले. टोपीच्या वाऱ्यानं काय होणार होतं, पण त्या क्षणी त्यांना ते करू दिलं नसतं तर ते रडले असते. सासू खुर्ची गाडीमागून सरकवून बाजूला बसली. "माझा शेक राहू दे आज. तुझी हवा नीट जाऊ दे."

एकशे सात. एकशे तीन.

बारा त्रेपन्नला मावशी सरळ झाली. "आता बोला तिच्याशी," ती म्हणाली. झाकण लावलं, ठोकळा काढला, हेल्मेट चढवलं. नवऱ्यानं हनुवटीखालचा पट्टा आवळून दिला, बोटानं ताण तपासला, जसा तो बाहीचा टाका तपासायचा. "ये जाऊन," एवढंच म्हणाला.

पहिली अर्धी फेरी ती अदबीनं गेली. टायर, ब्रेक, सगळ्यांना जागं करत. मग सरळ पट्टा आला, आणि तिनं पाय दाबला.

नऊ वर्षं जो आवाज तिनं लांबून ऐकला होता, तो आता तिच्या पाठीमागून उठला, मणक्यातून चढला आणि हेल्मेटमध्ये भरला. जग पुढून यायचं सोडून अंगावर यायला लागलं. कुंपण म्हणजे एक करडी रेघ. पहिलं वळण. इथं डॉक्टर लवकर ब्रेक मारतात, तिला माहीत होतं. तिनं एक खांब उशिरा मारला. गाडी वळणात अशी बसली, जणू आधीपासून तिथं बसलेलीच होती. पाचव्या वळणाचा खडबडीत पट्टा तिनं डावीकडं सोडला. डोंगरातल्या रस्त्यानं शिकवलेलं सगळं, बावीस वर्षांचं, तिच्या हातांतून बोलत होतं. फरक इतकाच, की मागं चाळीस माणसं ओरडत नव्हती. तिथं फक्त एक इंजिन होतं आणि ते खूश होतं. मावशी हसत होती. मोठ्यानं. हेल्मेटमध्ये तिचं हसू तिलाच परत ऐकू येत होतं, म्हणून ती आणखी हसत होती.

शेडपाशी सगळे कुंपणाला लोंबकळत होते. गाडी समोरून गेली, ती नुसती पिवळी फर्रकन.

"तीच का ही?" तिकिटवाली मुलगी म्हणाली. "आपली मावशी?"

"माझी सून आहे ती," सासूनं दुरुस्ती केली. खुर्चीवर उभं राहायचा तिचा प्रयत्न मुलानं दोनदा हाणून पाडला होता.

दुसरी फेरी पुरी वेगाची झाली. बारा एकोणसाठला, शिट्टीसाहेबांची शिट्टी ओठांत आणि डोळे घड्याळात असताना, पिवळी गाडी शेवटच्या वळणावरून सुसाट आत आली, करकचून ब्रेक लागला, आणि शेडच्या तोंडाशी ती थांबली.

खटकन इंजिन बंद झालं.

दार उघडलं. मावशी रांगत नाही, उडी मारून बाहेर आली. हेल्मेट तिनं हवेत फेकलं, ते टायरवाल्यानं झेललं. "आई! आई गं! पाहिलंत का? पट्ट्यावर! ती पट्ट्यावर काय पळते हो!" आणि तिनं सासूला खुर्चीसकट मिठी मारली. मग नवऱ्याला. मग डॉक्टरांना. मग चुकून शिट्टीसाहेबांना.

टाळ्या एकदम जोरात सुरू झाल्या आणि मग, एकेक करून, थांबल्या. सगळे मावशीकडं बघत नव्हते. गाडीकडं बघत होते. गाडीभोवतीची हवा थरथरत होती. जाळीतून भपकारा येत होता. हँडब्रेक, कुणाच्या तरी ध्यानात आलं, वर ओढलेला होता.

मावशी बोलायची थांबली. तिला वाटलं, कुणाला काही झालं की काय.

"काय झालं?"

शेवटी नवऱ्यानं घसा साफ केला. अख्ख्या दिवसात तो दुसऱ्यांदा बोलत होता.

"अगं," तो हळूच म्हणाला. "तीन मिनिटं."

मावशीचा हात कपाळावर गेला. तोंडाचा आ झाला. बसची बावीस आणि ट्रॅकवरची अकरा, तेहतीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते एका क्षणात लिहिलं गेलं.

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. टायरवाला म्हणतो डॉक्टर, डॉक्टर म्हणतात आजी. पण मग जो हशा फुटला, त्यात शिट्टीसाहेबांची शिट्टीच थुईथुई वाजायला लागली. तिकिटवाली खाली बसली. डॉक्टर डोळे पुसत ओरडले, "बाई, करपलेल्या कढईचं बूड घासलंय का कधी?"

"घासीन! घासीन!" असं ओरडत मावशी परत गाडीकडं धावली, आत शिरली आणि चावी फिरवली. इंजिन लागलं. तिनं हँडब्रेक सोडला, कान लावून ऐकलं. तेल फिरतंय. भोवरे निवतायत. जीव भांड्यात पडला. पण हसू काही थांबेना, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"एक वाजला," शिट्टीसाहेब म्हणाले. दूर फाटकातून अँब्युलन्स निघाली होती.

"वेगानं कुणी नाही, असं म्हणालात तुम्ही," मावशीनं खिडकीतून डोकं काढलं. "सावकाशीची बंदी नाही. मला हिला निववायलाच हवी."

"जा बाई, जा."

"थांब गं," असा आवाज आला. सासू खुर्चीतून उठत होती. एक हात मुलाच्या खांद्यावर, दुसरा डॉक्टरांच्या. "मलाही बसव. पळायची फेरी तुझी झाली. सावकाश फेरी माझ्या वयाला शोभते."

डॉक्टरांनी पलीकडचं दार उघडलं. आता, ती गाडी जमिनीपासून वीतभर उंच आणि सासूचे गुडघे कोणत्याच बाजूला न वाकणारे. आधी पाठ आत घालून पाहिली, ती अडकली. मग डोकं, तर कानातलं सीटच्या पट्ट्यात गुंतलं. ते नवऱ्यानं शिंप्याच्या बोटांनी सोडवलं. मग एक पाय, तो आत गेला पण दुसरा बाहेरच राहिला आणि येईना. "आजी, जरा उजवीकडं." "माझं उजवं की तुझं?" टायरवाल्यानं मागून आधार दिला, डॉक्टरांनी पुढून ओढलं, शिट्टीसाहेबांनी नुसत्याच सूचना दिल्या. अखेर एकदाची सासू सीटमध्ये धपकन बसली आणि तिनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं बघितलं.

मावशीनं घड्याळ पाहिलं. इंजिन तेवढा वेळ शांतपणे चालू होतं. सासूबाईंना आत बसवायला लागली होती बरोबर तीन मिनिटं.

तिनं काचा खाली केल्या, हीटर पूर्ण सोडला आणि गाडी हळूच ट्रॅकवर काढली. ट्रॅक मोकळा होता. ऊन सरळ डोक्यावर. ताशी चाळीस. ज्या वळणांतून ती पाच मिनिटांपूर्वी फर्रकन गेली होती, त्यांच्याकडं ती आता ओळखीच्या माणसासारखी बघत होती. गरम हवेचा झोत खालून पायांवर येत होता. मावशीचा घाम पुन्हा सुरू झाला. सासूनं मात्र साडी जरा आवरली, गुडघे पुढं केले आणि डोळे मिटले.

काटा एकशे वीस, एकशे दहा, असा खाली येत होता. शेड दिसायला लागली. हात हलवणारी माणसं दिसायला लागली.

"सूनबाई," सासू डोळे न उघडता म्हणाली.

"हं, आई?"

"अजून एक फेरी लागेल बहुतेक. गाडीला नाही. डाव्या गुडघ्याला."